साठी-सत्तरीनंतर गाडीचा विमा: हप्ता कमी करायचा, पण कुठून?

वडील निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या गाडीची पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. त्यात पगारी ड्रायव्हरचे कव्हर होते. ड्रायव्हर सोडून गेल्याला सहा वर्षे झाली होती. केव्हाच काढून टाकलेल्या म्युझिक सिस्टिमचा वेगळा विमाही होता. दरवर्षी एजंटचा फोन यायचा, वडील ‘मागच्यासारखंच करा’ म्हणायचे आणि मागच्यासारखेच व्हायचे. रक्कम फार मोठी नव्हती. पण मुळात ती पॉलिसी नोकरीवर जाणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाची होती आणि हप्ता भरत होता आठवड्यातून दोनदा गाडी बाहेर काढणारा माणूस.

वय वाढले की विमा महागतो ही तक्रार पुष्कळदा खरी असते. पण ज्येष्ठांच्या हप्त्यातला बराचसा भाग वयाचा नसून सवयीचा असतो, असे माझे मत आहे. वय कमी करता येत नाही. पॉलिसी मात्र आजच्या आयुष्याच्या मापाची करून घेता येते, आणि त्याचीच ही पद्धत.

आधी जुनी पॉलिसी टेबलावर

नवे कोटेशन मागण्याआधी आहे ती पॉलिसी काढा, पेन्सिल घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. प्रत्येक रकमेसमोर एकच प्रश्न लिहायचा: हे मला आज लागते का? गाडीचा वापर काय लिहिला आहे, वार्षिक किलोमीटर किती, चालक म्हणून कोणाकोणाची नावे आहेत, गाडी रात्री कुठे उभी असते, कोणकोणते ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेली जोड कव्हरे, आहेत, हे सगळे तपासा. घर सोडून स्वतंत्र राहणाऱ्या मुलाचे नाव चालकांच्या यादीत राहिलेले असते. निवृत्तीनंतरही ‘कामावर जाण्या-येण्यासाठी’ हा वापर तसाच असतो. अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत या दोन ओळींवरच हप्ता बराच हलतो.

शेवटी नूतनीकरणाची तारीख बघा आणि कॅलेंडरवर तिच्या एक महिना आधी खूण करा. ऐनवेळी घाईत घेतलेला विमा कधीच स्वस्त पडत नाही.

तुमच्याकडे वय मोजतात का?

हे देशागणिक आणि कधी राज्यागणिक बदलते, म्हणून ते आधी माहीत करून घ्या.

भारतात थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सरकार ठरवते. खासगी कारसाठी तो इंजिनाच्या सीसीवर असतो, चालकाच्या वयावर नाही. त्यामुळे सत्तरीच्या माणसाला ‘वयामुळे थर्ड पार्टी महाग झाली’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि तोही मुख्यतः गाडीची किंमत, तिचे वय आणि तुमचा क्लेमचा इतिहास यांमुळे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. कॅलिफोर्नियात १९८८ च्या प्रपोझिशन १०३ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यानुसार हप्ता ठरवताना आधी चालकाची सुरक्षिततेची नोंद, मग वर्षाला किती मैल गाडी चालते आणि मग चालवण्याचा अनुभव किती वर्षांचा, या क्रमाने वजन द्यावे लागते. कमी चालवणाऱ्या, अपघात नसलेल्या निवृत्त माणसाला यापेक्षा सोयीचा नियम कोणता? हवाईत हप्ता ठरवताना वय बघायलाच बंदी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ६५ वर्षांवरील चालकांना कायद्याने २५ टक्के सवलत मिळते.

ब्रिटन आणि बाकी युरोपात वय धरले जाते. डिसेंबर २०१२ पासून युरोपियन युनियनमध्ये स्त्री-पुरुष भेद करून विम्याचा दर लावता येत नाही, पण वयाला तसे संरक्षण नाही. तिथे सत्तरीनंतर दर चढू लागतात आणि काही कंपन्या ठरावीक वयापुढे नवा ग्राहक घेतच नाहीत. एका कंपनीचा नकार म्हणजे सगळ्या बाजाराचा नकार नव्हे. वयस्क चालकांना घेणारे ब्रोकर असतात, त्यांना विचारा.

इथे कात्री लावू नका

पैसे वाचवायचे म्हटले की पहिला हात थर्ड पार्टीच्या मर्यादेकडे जातो, निदान जिथे ती मर्यादा निवडता येते तिथे. नेमकी हीच जागा सोडून द्यावी.

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई. तुमची गाडी कितीही जुनी असली तरी समोरच्याच्या जिवाची किंमत कमी होत नाही. आणि ज्येष्ठांची परिस्थिती तरुणांपेक्षा उलटी असते. पंचविशीच्या मुलाकडून वसूल करायला फारसे काही नसते. तुमच्याकडे घर आहे, ठेवी आहेत, आयुष्यभराची जमा आहे. विम्याची मर्यादा संपली की बाकीची भरपाई याच जमेतून मागितली जाते.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. दुसऱ्याचा मृत्यू किंवा दुखापत यांसाठी खासगी गाडीच्या पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते, मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची असते. अमेरिकेत उलट आहे: राज्याने ठरवलेली किमान मर्यादा बरीच तोकडी असते. कॅलिफोर्नियाने ती १ जानेवारी २०२५ पासून एका जखमी व्यक्तीमागे १५ हजारांवरून ३० हजार डॉलर केली, पण तिथल्या हॉस्पिटलचे बिल पाहिलेल्याला ३० हजारही किती पुरणार हे सांगायला नको. अशा ठिकाणी मर्यादा दुप्पट केली म्हणून हप्ता दुप्पट होत नाही, वाढ बरीच कमी असते. म्हणून वाचवलेल्या पैशातले थोडे इथे घाला.

ओन डॅमेज: एकच प्रश्न विचारा

ही गाडी उद्या चोरीला गेली किंवा भंगारात गेली, तर तुम्ही दुसरी घेणार का?

तरुण माणसाचे उत्तर ‘घ्यावीच लागेल’ असते. सत्तरीपुढे ते कित्येकदा ‘नाही, मग रिक्षा-टॅक्सीच बरी’ किंवा ‘एकच गाडी पुरे’ असे निघते. उत्तर ‘नाही’ असेल आणि गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तुम्ही कशासाठी भरताय, याचा विचार करा.

आता हिशेब. गाडीची आजची बाजारातली किंमत १०० धरा. ओन डॅमेजचा वार्षिक हप्ता १२ आहे आणि डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी तुम्ही सोसायची रक्कम, १० आहे. गाडी पूर्ण गेली तरी हातात जास्तीत जास्त ९० येतील, आणि साडेसात वर्षांच्या हप्त्यांत तुम्ही तेवढेच भरून बसाल. त्या वेळेपर्यंत गाडीची किंमत १०० राहणार नाही हे वेगळेच. ओन डॅमेजचा हप्ता गाडीच्या किमतीच्या दहा टक्क्यांपुढे गेला की फक्त थर्ड पार्टीवर यायचा विचार करावा, असा एक ढोबळ आडाखा लोक वापरतात. तो वाईट नाही. मात्र गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणारी संस्था पूर्ण विमाच मागते, तेव्हा हा प्रश्नच उरत नाही.

गाडी पाच-सहा वर्षांची आणि बऱ्या किमतीची असेल, तर कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेली पॉलिसी, ठेवणेच शहाणपणाचे. काही देशांत मधली वाटही असते: थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरी. एक विचित्र गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये नुसती थर्ड पार्टी पॉलिसी कित्येकदा कॉम्प्रिहेन्सिव्हपेक्षा महाग पडते, कारण ती घेणाऱ्यांत जोखमीचे चालक जास्त असतात आणि कंपन्या तसा भाव लावतात. त्यामुळे ‘कमी कव्हर म्हणजे कमी हप्ता’ हे गृहीत न धरता दोन्हींचे कोटेशन मागा.

भारतातल्या वाचकांसाठी आयडीव्हीबद्दल, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीबद्दल. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर जी रक्कम मिळते ती हीच. नव्या गाडीची आयडीव्ही सहा महिन्यांनंतर १५ टक्के घटते, एक वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीननंतर ४० आणि चारनंतर ५० टक्के. पाच वर्षांपुढे ती कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, आणि खेळ होतो तो इथेच. आयडीव्ही खाली ओढली की हप्ता लगेच स्वस्त दिसतो. फोनवरचा माणूस ‘सर, दुसऱ्या कंपनीपेक्षा एवढे कमी’ म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न ‘आयडीव्ही किती धरली?’ हाच हवा.

डिडक्टिबल आणि छोटे ओरखडे

डिडक्टिबल स्वतःहून वाढवले तर हप्ता उतरतो. किती वाढवायचे? रात्री दहा वाजता गॅरेजवाल्याने मागितली तर ठेव न मोडता देता येईल एवढीच रक्कम. मग बघा की वाढवलेले डिडक्टिबल किती वर्षांच्या बचतीत भरून निघते. तीन-चार वर्षांत निघत असेल तर घ्या, आठ-नऊ वर्षे लागत असतील तर सोडून द्या.

वयाबरोबर मान मागे वळेनाशी होते आणि पार्किंगमध्ये खांबाला घासणे वाढते. असे छोटे क्लेम करावेत का? भारतातल्या नो क्लेम बोनसचे आकडे घेऊन हिशेब करू. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. पायऱ्या अशा: २०, २५, ३५, ४५, ५०. समजा सूट नसताना हप्ता १०० आहे, तुम्ही आज ५० भरता. एक क्लेम केला की सूट शून्यावर येते आणि पुढची पाच वर्षे तुम्ही १००, ८०, ७५, ६५, ५५ असे मिळून ३७५ भरता. क्लेम केला नसता तर २५० भरले असते. फरक १२५, म्हणजे आजच्या हप्त्याच्या अडीच पट. हप्त्याचा मूळ दर तोच राहील असे यात धरले आहे, पण अंदाजाला पुरे. थोडक्यात, दुरुस्तीतून कंपनी देणार असलेली रक्कम तुमच्या आजच्या ओन डॅमेज हप्त्याच्या अडीच पटीहून कमी असेल, तर खिशातून भरा आणि बोनस सांभाळा. नो क्लेम बोनस प्रोटेक्शनचा ॲड-ऑन घेतला असेल तर हे गणित बदलते, पण मग त्या ॲड-ऑनची किंमत मोजायला हवी.

दुसऱ्याला दुखापत झाली असेल तर मात्र हा हिशेब लावू नका. ‘आपसात मिटवू’ म्हणणारा माणूस महिन्याने वकिलाची नोटीस पाठवू शकतो. तेव्हा कंपनीला लगेच कळवलेले असले पाहिजे.

किलोमीटर कमी, तर पैसेही कमी

निवृत्त माणसाचे सगळ्यात बळकट हत्यार हेच आहे आणि सगळ्यात कमी वापरलेलेही. भारतात विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ आणि ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’ या ॲड-ऑनना वाट मोकळी केली. पहिल्यात वर्षाला किती किलोमीटर चालवणार हे आधी ठरवून ओन डॅमेजचा हप्ता कमी होतो. दुसऱ्यात गाडी कशी चालवता हे यंत्र किंवा मोबाईलमधले ॲप मोजते. बाहेरच्या देशांत असे प्रकार त्याआधीपासून आहेत.

यंत्राचे म्हणाल तर ते मुख्यतः अचानक लावलेले ब्रेक, जोरात घेतलेली वळणे, वेग आणि रात्री उशिराचा प्रवास मोजते. ज्येष्ठ मंडळी रात्री गाडी टाळतातच, वेगही बेताचा असतो, म्हणून बहुतेकांना फायदा होतो. ज्यांना वारंवार करकचून ब्रेक दाबायची सवय आहे त्यांनी आधी कंपनीला विचारावे की गुण कमी पडले तर हप्ता वाढतो की नुसती सूट जाते. या दोहोंत फार फरक आहे. आपण कुठे जातो हे कोणाला कळू नये असे वाटत असेल, तर ओडोमीटरच्या फोटोवर चालणारी योजना शोधा.

आकडा खोटा मात्र सांगू नका. पाच हजार लिहून बारा हजार चालवली, तर अपघातानंतर ओडोमीटरच साक्ष देतो.

नावे, परवाना आणि तब्येत

नातू रोज कॉलेजला गाडी नेतो आणि पॉलिसीत मुख्य चालक म्हणून आजोबांचे नाव, हा प्रकार ब्रिटनमध्ये ‘फ्रंटिंग’ म्हणून ओळखला जातो आणि तिथे ती फसवणूक धरली जाते. हप्ता वाचतो आणि क्लेमच्या वेळी पॉलिसीच रद्द होते. जिथे चालकाच्या नावावर हप्ता ठरतो तिथे खरे काय ते लिहा. उलट, चांगली नोंद असलेल्या पत्नीचे किंवा पतीचे नाव दुसरा चालक म्हणून घातल्यावर हप्ता कधी कधी उतरतो. दोन्ही प्रकारे कोटेशन काढून बघायला काही जात नाही.

परवान्याची तारीख विम्याच्या तारखेइतकीच महत्त्वाची. भारतात ५५ वर्षांनंतर परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. ब्रिटनमध्ये ७० व्या वर्षी आणि नंतर दर तीन वर्षांनी. जपानमध्ये ७५ वर्षांपुढच्यांना नूतनीकरणाआधी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. परवाना संपल्यावर झालेल्या अपघातात स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जाण्याचे संकट उभे राहते, मग पॉलिसी कितीही महागाची असो.

तब्येतीविषयी लपवाछपवी नको. झटके, पक्षाघात, दृष्टी अधू होणे, इन्सुलिन सुरू होणे, यांतले काय कोणाला कळवायचे याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत. फॉर्ममध्ये प्रश्न विचारला असेल तर खरे उत्तर द्या आणि भरलेल्या फॉर्मची प्रत ठेवा. एजंटने स्वतःच सगळीकडे ‘नाही’ वर खूण केली, तरी सही तुमची असते.

स्वतःच्या हाडांचा विचार

विशीतल्या मुलाला ज्या धक्क्याने नुसता मुका मार लागतो त्याच धक्क्याने सत्तरीत बरगड्या मोडतात. त्यामुळे गाडीतल्या माणसांच्या उपचाराचे आणि अपघाताचे कव्हर या वयात फालतू समजू नये, पण दोनदाही घेऊ नये.

भारतात गाडीच्या मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कव्हर सक्तीचे आहे. तेवढ्या रकमेचे अपघात कव्हर तुमच्याकडे आधीच असेल, किंवा दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत घेतलेले असेल, तर पुन्हा घ्यावे लागत नाही. तसे लिहून द्या आणि ती ओळ काढायला लावा. मालकाकडे वैध परवानाच नसेल, म्हणजे गाडी आजींच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर हे कव्हर लागूच होत नाही. तरीही त्याचे पैसे घेतलेल्या पॉलिसी मी पाहिल्या आहेत. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, असलेल्यांनी गाडीच्या विम्यातला उपचाराचा भाग आणि मेडिकेअर यांची सांगड कशी आहे ते विचारावे. मिशिगनमध्ये जुलै २०२० पासून, मेडिकेअरचे ए आणि बी हे दोन्ही भाग असतील आणि घरातल्या बाकीच्यांकडेही पात्र विमा असेल, तर उपचाराचे हे कव्हर नाकारण्याची मुभा मिळाली आहे.

बाकी ॲड-ऑनमध्ये माझी आवड-निवड सरळ आहे. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मदत करणारे कव्हर ठेवा, या वयात टायर बदलत बसू नये. झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारे कव्हर, गाडी नवी असेतोवर घ्या, कारण त्याशिवाय प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. गाडी जुनी झाली की बहुतेक कंपन्या ते देणे स्वतःच थांबवतात. इंजिन प्रोटेक्शन हवे तर पाणी साचणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी घ्यावे. किल्ली हरवण्याचे, सामान चोरीला जाण्याचे वगैरे सोडून द्या.

कोटेशन मागायची रीत

एका कागदावर लिहून घ्या: गाडीची किंमत किती धरायची, डिडक्टिबल किती, कोणते ॲड-ऑन, वर्षाला किती किलोमीटर, चालक कोण. मग तोच कागद समोर ठेवून तीन-चार ठिकाणी भाव विचारा: एखादी तुलना करणारी वेबसाइट, एक कंपनी थेट, एक एजंट किंवा ब्रोकर आणि शेवटी तुमची जुनी कंपनी. कागद एकच असल्याशिवाय तुलना होत नाही. आंबे आणि फणस तोलल्यासारखे होते.

जुन्या कंपनीला शेवटी विचारायचे कारण हे की निष्ठेला या धंद्यात फारसे मोल नाही. वर्षानुवर्षे तिथेच राहणाऱ्या ग्राहकाचा दर हळूहळू वाढवत न्यायचा, ही चाल इतकी रुळली होती की ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी केली. जिथे अशी बंदी नाही तिथे दुसऱ्याचे कोटेशन हातात असताना बोला, सूर बदलतो.

सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत. सुरक्षित चालवण्याचा कोर्स केला तर न्यूयॉर्क राज्यात तीन वर्षे १० टक्के सूट मिळते, तीही कायद्याने. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातही ५५ वर्षांपुढच्यांसाठी असे कोर्स आहेत. आपोआप ब्रेक लागणारी गाडी, चोरीविरोधी यंत्र, घर आणि गाडीचा विमा एकाच कंपनीत, निवृत्तांच्या संघटनेचे सभासदत्व, एकेक करून विचारा. क्लेमच्या वेळी फोनवर माणूस भेटतो का, दुरुस्तीचे पैसे कंपनी थेट भरते असे जवळचे कॅशलेस गॅरेज कोणते, हेही त्याच फोनमध्ये. ॲपमध्येच सगळे करा म्हणणारी स्वस्त कंपनी अपघाताच्या दिवशी महाग वाटू शकते.

‘काका, आजच भरलंत तर निम्मा हप्ता’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवू नका. पॉलिसी हातात आली की कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन किंवा तिच्या अधिकृत नंबरवर फोन करून क्रमांक तपासा.

कंपनी बदलताना, गाडी विकताना

नवी पॉलिसी सुरू झाल्याचे कागद हातात येईपर्यंत जुनी रद्द करू नका. मध्ये एका दिवसाचाही खंड नको. भारतात पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर जमवलेला सगळा नो क्लेम बोनस जातो, आणि खंड पडला की कंपनी आधी गाडी तपासायला माणूस पाठवते.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. मोठी गाडी विकून छोटी घेणार असाल तर जुन्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्या. भारतात ते तीन वर्षे चालते. गाडी विकून चालवणे कायमचे थांबवले असेल, तर आधी नाव बदलल्याचे कागद घ्या, मग पॉलिसी रद्द करून उरलेल्या महिन्यांचा परतावा मागा. तो मागावाच लागतो, स्वतःहून कोणी पाठवत नाही.